संप म्हणजे संपणं न्हाय? पाचवीतल्या एका दुभाषी मुलीचं प्रकरण

नावं, कंपनी आणि वर्ष मुद्दाम गाळलं आहे. कोविडनंतरचा एक दसरा, एवढं पुरे. कोल्हापूरभोवती शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित अशा तीन मोठ्या औद्योगिक वसाहती आहेत. त्यांतल्या एकीच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे आणि मी तिथं पाचवीची वर्गशिक्षिका होते. मुलीला घरी 'बबुनी' म्हणायचे. भोजपुरीत कुठल्याही लाडक्या लेकीला बबुनीच म्हणतात, म्हणून तेच नाव इथं ठेवलं आहे.

पार्श्वभूमी

बबुनीचे वडील बिहारच्या भोजपूर जिल्ह्यातले, आऱ्याजवळच्या खेड्यातले. इथं एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, फेटलिंगला होते. ओतलेला लोखंडी भाग, म्हणजे जॉब, थंड झाला की त्याच्या कडेला राहिलेलं जादा लोखंड ग्राइंडरनं उतरवायचं, हे फेटलिंगचं काम. ट्रॅक्टरचे, ट्रकचे, पंपांचे भाग आपण चकचकीत बघतो, ते या हातांखालून गेलेले असतात. धूळ भयंकर, आवाज त्याहून भयंकर. कोल्हापूरच्या फौंड्र्यांत मोल्डिंग (साचा बनवणं), नॉकआउट (साचा फोडून जॉब काढणं) आणि फेटलिंग या कामांवर आता बहुतेक परप्रांतीय ठेकेदारी कामगारच दिसतात, आणि मशीन शॉपला, मेंटेनन्सला, पॅटर्नला आसपासच्या गावांतले कायम कामगार. जेवणाची सुट्टी एकच, पण डबे खायला दोघं वेगवेगळ्या झाडांखाली बसतात. या कंपनीत कायम कामगार साठ-सत्तर आणि ठेकेदाराची माणसं नव्वदच्या घरात होती. युनियन फक्त कायम कामगारांची.

बबुनी दुसरीत असताना आमच्याकडे आली. आली तेव्हा मराठीचं एक अक्षर येत नव्हतं, आणि वर्षभरात अशी बोलायला लागली की नवीन माणसाला ती कागल तालुक्यातली वाटावी. कोल्हापूरच्या पोरींसारखं 'मी आलो, मी गेलो' म्हणायची. पाढे मराठीत, भांडण मराठीत, फक्त रडणं भोजपुरीत. घरात मराठी वाचता येणारी ती एकटीच. वडिलांना हिंदी वाचता यायचं, सावकाश. आईला अक्षरओळख नव्हती. धाकटा भाऊ चार वर्षांचा, अंगणवाडीत.

त्यामुळे घरातला प्रत्येक कागद तिच्याकडे यायचा. औषधाची चिठ्ठी, लाइटबिल, ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा, फॉर्म, ठेकेदारानं सही करायला दिलेला कागद. ठेकेदाराच्या चाळीत त्यांच्या शेजारच्या दोन खोल्यांत अकरा जण राहत, त्यांचेही कागद हळूहळू तिच्याकडेच यायला लागले. आम्हाला शाळेत याचं कौतुक होतं. पंधरा ऑगस्टला मुख्याध्यापकांनी तिला पुढं बोलावून 'ही आपली दुभाषी' अशी ओळख करून दिली होती. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते.

संप

कायम कामगारांचा पगारवाढीचा करार संपून वर्ष होऊन गेलं होतं आणि नवा होत नव्हता. त्यात दिवाळीचा बोनस. युनियननं संपाची नोटीस दिली. त्या वेळी लागू असलेल्या १९७१ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानुसार नोटीस दिल्यापासून १४ दिवस थांबावं लागे, नाहीतर संप बेकायदेशीर ठरे. ते १४ दिवस नवरात्रात भरले. खंडेनवमीला कामगारांनी नेहमीसारखी मशीनची पूजा केली, दसऱ्याला सोनं वाटलं आणि दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला कुणीही कायम कामगार आत गेला नाही. गेटला अजून झेंडूची माळ होती.

ठेकेदारी कामगारांना कुणी काही सांगितलं नव्हतं. युनियनच्या मते ते तिचे सभासदच नव्हते. ठेकेदाराचं म्हणणं सोपं, रोजच्यासारखं कामावर या. त्या सकाळी बबुनीचे वडील आणि ते अकरा जण गेटवर पोहोचले तेव्हा समोर मंडप, लाल झेंडे आणि घोषणा चाललेल्या. गेटवर दोन कागद. एक युनियनचा फलक, एक कंपनीची नोटीस, दोन्ही मराठीत. हे सगळे तसेच मागे फिरले, शाळेच्या वाटेवर बबुनीला गाठलं आणि तिला गेटवर घेऊन गेले.

पुढचं मला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं, पण इथं सलग लिहिते, कारण सगळं प्रकरण या दहा मिनिटांत फिरलं.

फलकावर लिहिलं होतं, 'आजपासून बेमुदत संप'. 'संप' हा शब्द तिनं कधी ऐकला नव्हता. घरात हडताल म्हणतात. तिला ठाऊक होतं ते 'संपणं': तास संपला, डबा संपला, खडू संपला. म्हणून तिनं वडिलांना सांगितलं, कंपनी खतम. मग 'बेमुदत'. बे एके बे, बे दुणे चार. बे म्हणजे दोन. मुदत हा शब्द ठेकेदाराच्या कागदावर असायचा. तिनं अर्थ लावला, दोन मुदतीत. खाली कंपनीच्या नोटिशीत 'काम नाही, वेतन नाही' होतं. ते तिनं अगदी बरोबर सांगितलं. 'शिस्तभंगाची कारवाई' हेही तिला शाळेतल्या शिस्तीवरून बरोबर लागलं, नियम तोडला की शिक्षा.

आता हे सगळं एकत्र लावून बघा. कंपनी खलास झाली, दोन हप्त्यांत मिटणार, काम नाही, पगार नाही, वर शिक्षा. बारा प्रौढ माणसांनी एका अकरा वर्षांच्या पोरीच्या तोंडून हे ऐकलं आणि त्यात कुठंच फट दिसेना. चुकीच्या शब्दांशेजारी दोन बरोबर शब्द आले की चूक अशी पक्की बसते.

अडचण कशी वाढत गेली

संध्याकाळी बाराही जण ठेकेदाराकडे गेले आणि महिन्याचा हिशेब मागितला. ठेकेदाराला वाटलं, युनियननं यांना फितवलं. तो भडकला. त्यानं सांगितलं, आज रात्री मागच्या गेटनं आत चला, तिथंच राहायचं, जेवण आणि दुप्पट हजेरी मिळेल. नाहीतर उद्या खोल्या रिकाम्या करा. खोल्या त्याच्याच, भाडं पगारातून कापून घ्यायचा.

तिकडे मंडपातल्या पोरांनी या बारा जणांना ठेकेदाराच्या दारात उभं राहिलेलं पाहिलं. त्यांनी त्यांचा अर्थ लावला, हे फुटले. रात्री बबुनीच्या वडिलांची सायकल गटारात सापडली. मारहाण वगैरे काही झाली नाही, पण एवढं पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात. माझ्या तेहेतीस मुलांपैकी नऊ जणांचे वडील संपावर होते. मधल्या सुट्टीत पोरांचा खेळ ठरलेला: दोन दप्तरं गेट, एक मुलगा वॉचमन आणि बाकीचे 'कोण म्हणतो देत नाय, घेतल्याशिवाय राहत नाय'. बबुनीनं खेळात शिरायचा प्रयत्न केला, तर एकानं सांगितलं, "तू भायेर. तुझा बाप फुटलाय." ती म्हणाली, "न्हाय फुटला, सायकल फुटलीया." पोरं हसली.

मी हे ऐकलं होतं. पोरांचं भांडण म्हणून सोडून दिलं.

तिसऱ्या दिवशी घंटा झाली, मी म्हटलं, "चला, तास संपला." बबुनी उभी राहिली. "बाई, तास संपला म्हणजे संप झाला का? संप म्हणजे संपणं न्हाय?" अख्खा वर्ग फुटून हसला. मीही हसले. मला खरंच वाटलं, काय गोड प्रश्न आहे, घरी गेल्यावर नवऱ्याला सांगावा असा. ती खाली बसली आणि डोकं बाकावर टेकून राहिली. त्या दिवसानंतर वर्गात तिनं मोठ्यानं वाचलं नाही.

मुख्याध्यापकांनी आणि मी कुठले पर्याय तोलले

शाळा सुटल्यावर तिच्याकडून, मग शेजारच्या खोलीतल्या एकाकडून, मला वरची हकीकत कळली. मी मुख्याध्यापकांकडे गेले.

सरांचं पहिलं मत होतं, शाळेनं कंपनीच्या भानगडीत पडू नये. मला तेव्हा ते भित्रेपणाचं वाटलं, आज तितकं वाटत नाही. शाळा व्यवस्थापन समितीतले तिघे संपावर होते आणि शाळेला पंखे ठेकेदारानं दिलेले. कुठल्याही बाजूला एक पाऊल टाकलं की दुसरी बाजू शाळेत येऊन बसली असती. सर वर हेही म्हणाले, "शाहू महाराजांनी १९१७ साली पोर शाळेत घातलं नाही तर बापाला महिन्याला एक रुपया दंड लावला. इथं पोर शाळेत घातलंय म्हणून बापाला दंड बसतोय." ते विनोदानं म्हणाले, पण टेबलावरचा पेपरवेट फिरवत बराच वेळ गप्प बसले.

दुसरा पर्याय, कुटुंबाला गावी जाऊ देणं. शिक्षण हक्क कायद्यानं दाखला ताबडतोब द्यावाच लागतो आणि दाखल्याला उशीर झाला तरी नवीन शाळेला प्रवेश अडवता येत नाही, त्यामुळे कागदाची अडचण नव्हती. अडचण अनुभवाची. दिवाळीआधी गावी गेलेलं परप्रांतीय पोर छठ करून परत येतं असं आम्ही म्हणतो, पण माझ्या हजेरीपटावर अशी तीन नावं होती जी आलीच नाहीत.

तिसरा, मुलीला दुभाषीपणातून सोडवणं आणि तिच्या जागी मोठं माणूस देणं. हा पर्याय आम्हाला सुचायला सर्वांत उशीर लागला. खरं सांगायचं तर तो सुचण्याआधी मी उलटंच केलं.

माझी चूक, जरा सविस्तर

मी बबुनीच्या आईला शाळेत बोलावलं. मला सांगायचं होतं की सत्र परीक्षा तोंडावर आहे, पोरीला गावी नेऊ नका, जेवण शाळेत आहेच. आई दारातच उभी राहिली, डोक्यावरचा पदर दातात धरून. मी बबुनीला मध्ये उभं केलं आणि म्हटलं, "सांग आईला."

मी पाचवीला हिंदी शिकवते! माझं हिंदी 'हमारे इधर ऐसाच है' छापाचं का असेना, पण आईला ते कळलं असतं. तरीही मी पोरीला मध्ये उभं केलं, कारण तीन वर्षं आम्ही सगळे तेच करत आलो होतो.

बबुनी भरभर भोजपुरीत बोलली. आईनं मान हलवली. बबुनी मला म्हणाली, "माई म्हणती, जात न्हाय." मी निश्चिंत झाले.

चार दिवसांनी कळलं की तिकिटं काढलीत. कोल्हापूरहून धनबादला जाणारी दीक्षाभूमी एक्सप्रेस आठवड्यातून एकदाच सुटते. ती पकडून मुघलसरायला उतरायचं आणि तिथून पुढं आरा. वेटिंगचं तिकीट. आई आणि दोन्ही पोरं जाणार, वडील राहणार. मी हादरले. नंतर उलगडलं की बबुनीनं आईला सांगितलं होतं, बाई म्हणतात, संप मिटेपर्यंत गावी जाऊन या. तिला जायचं होतं. जिथं कुणी फुटीर म्हणणार नाही आणि कुणी कागद हातात देणार नाही, अशा ठिकाणी जायचं होतं.

या गोष्टीनं मला बराच काळ छळलं. एका बाजूनं ती खोटं बोलली. दुसऱ्या बाजूनं, दोन्ही बाजूंचं ऐकू येणारी त्या खोलीतली एकटी तीच होती, आणि अख्ख्या आठवड्यात तिनं स्वतःसाठी एवढंच काय ते मागितलं होतं.

काय केलं

हायवेला एक पानटपरी आहे. मालक गोरखपूरकडचा, कोल्हापुरात पंधरा-सोळा वर्षं राहिलेला, मराठी फर्डं. मी त्याच्याकडे गेले आणि म्हटलं, या माणसांना नीट समजावून सांगायला कुणीतरी मोठं हवं. तो म्हणाला, "मॅडम, सांगतो की. पण मंडपातल्यांची उधारी कोण देणार ते आधी सांगा." तरी आला. त्या संध्याकाळी चाळीच्या अंगणात त्यानं दोन्ही कागद पहिल्यापासून सांगितले. संप म्हणजे हडताल. बेमुदत म्हणजे मागण्या मान्य होईपर्यंत, किती दिवस ते कुणालाच माहीत नाही. बारा माणसं ऐकत होती आणि बबुनी आईच्या मागं उभी होती. 'बेमुदत' आल्यावर एक जण मोठ्यानं हसला आणि तिच्याकडे वळून बघितलं. पानवाल्यानं त्याला तिथल्या तिथं दटावलं, "हँसो मत. तुमको तो वो भी नहीं आता था." हे मला तिसऱ्या दिवशी वर्गात सुचायला हवं होतं.

सरांनी युनियनच्या एका जुन्या माणसाला, ज्याला सगळे आप्पा म्हणतात, शाळेत चहाला बोलावलं. संपाबद्दल एक शब्द काढायचा नाही असं ठरवून दोनच गोष्टी सांगितल्या: फलकाखाली हिंदीत चार ओळी लिहा, आणि पोरीला गेटवर बोलावू नका. आप्पा वरमले. त्यांना खरंच सुचलं नव्हतं. "आमची नोटीस आम्हालाच कळायसाठी असती बाई," म्हणाले. दुसऱ्या दिवशी फलकाखाली हिंदी ओळी आल्या, अशुद्ध पण ठळक.

पानवाल्यानं आणखी एक काम केलं ते आमच्या कुणाच्या डोक्यात नव्हतं. त्यानं नव्वदांपैकी जे आत गेले नव्हते त्यांची यादी केली, प्रत्येकाचे किती दिवस भरले ते लिहिलं आणि आप्पांच्या हातात दिली. त्या वेळी लागू असलेल्या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात तरतूद होती की ठेकेदारानं पगार बुडवला तर तो मूळ मालकाला, म्हणजे कंपनीला, द्यावा लागे, मग त्यानं ठेकेदाराकडून वसूल करावा. आप्पांना हे माहीत होतं. फक्त ते या बारा जणांना लागू होतं असा विचार त्यांनी कधी केला नव्हता.

वडिलांपुढे मात्र निवड कठीणच होती. आत गेले तर दुप्पट हजेरी आणि छप्पर, पण ज्यांच्या पोरांबरोबर आपली पोर शिकते त्यांच्याशी कायमचं वैर. बाहेर बसले तर खोली जाणार. त्यांनी तिसरंच केलं. दिवाळीच्या सुमाराला करवीर तालुक्यात गुऱ्हाळं पेटलेली असतात. एका गुऱ्हाळवाल्याला चुलवाणात, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या चुलीत, चिपाड सारायला माणूस हवा होता. फौंड्रीतल्या माणसाला आगीची काय ती नवलाई? ते सहा किलोमीटरवरच्या शेतात गेले, काहिलीशेजारच्या पत्र्याच्या शेडात बायको-पोरांसह राहिले. बाराजणांतले चौघे आत गेले, तिघे गावी, बाकीचे बांधकामावर. वेटिंगचं तिकीट शेवटी रद्द झालं.

रेशनची गोष्ट थोडक्यात. एक देश एक रेशन कार्ड योजनेत गावच्या कार्डावर इथल्या दुकानात धान्य मिळतं, अंगठा लावला की. दरमाणशी ५ किलो. आम्ही उत्साहानं घेऊन गेलो तर मशीननं शून्य दाखवलं, कारण गावी आजोबांनी त्या महिन्याचं सगळं आधीच उचललं होतं. घरातल्यांचा वाटा एकाच कार्डावर असतो, हे आमच्या लक्षात आलं नव्हतं. फोन करून पुढच्या महिन्यापासून त्यांच्यापुरतं इथं ठेवायला सांगितलं.

परीक्षेला बबुनी आली नाही. सहा किलोमीटर कोण सोडणार? मी पेपर पिशवीत घालून स्कूटरवरून गुऱ्हाळावर गेले. नियमात बसतं का माहीत नाही, केंद्रप्रमुखांना विचारलंही नाही. चिपाडाच्या ढिगाला टेकून, मांडीवर पाटी घेऊन तिनं मराठीचा पेपर लिहिला. वाफेनं आणि गोडसर वासानं डोकं भरून गेलं होतं. मी बाजूला पोत्यावर बसले होते. दुसऱ्या पानाच्या कोपऱ्यात तिच्या अंगठ्याचा काकवीचा ठसा उमटला, तो वाळला आणि पुढचं पान त्याला चिकटलं. तपासताना मला ती पानं सुटी करायला ब्लेड घ्यावं लागलं. समानार्थी शब्दांत 'शेवट' ला तिनं 'संप' लिहिलं नव्हतं, मी आधी तेच शोधलं. तिथं तिनं काहीच लिहिलं नव्हतं, जागा कोरी होती.

काय झालं

संप २२ दिवस चालला. भाऊबीज झाल्यावर मिटला. सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात बैठका झाल्या आणि करार झाला. कायम कामगारांना वाढ मिळाली, त्यांनी मागितली त्यापेक्षा कमी आणि कंपनीनं आधी देऊ केली त्यापेक्षा जास्त. यादीतल्या ठेकेदारी कामगारांचे राहिलेले पगार निघाले, ही आप्पांनी शेवटच्या बैठकीत घुसवलेली अट. त्यांना बोनस मात्र मिळाला नाही. त्या वेळी लागू असलेल्या १९६५ च्या बोनस कायद्यानं वर्षात ३० दिवस भरलेल्या ठेकेदारी कामगारालाही किमान ८.३३ टक्के लागू होत होता, पण त्यावर भांडायला तोपर्यंत कुणाच्या अंगात जोर उरला नव्हता. त्यांना मिठाईचा एकेक बॉक्स मिळाला.

बबुनीचे वडील दुसऱ्या ठेकेदाराकडे, दुसऱ्या फौंड्रीत लागले. बबुनी सुट्टीनंतर नऊ दिवस उशिरा शाळेत आली. 'फुटीर' म्हणणारा मुलगा पहिल्याच दिवशी तिच्या शेजारी बसला, कारण त्याला गणित येत नव्हतं. मुलांचं असं असतं, पण मी त्याला समेट म्हणणार नाही. गेटचा खेळ पुन्हा कुणी खेळलं नाही, क्रिकेटचा हंगाम आला होता.

मार्क तिचे कमी झाले नाहीत. वही व्यवस्थित होती. फक्त मोठ्यानं वाचणं गेलं ते गेलं. मी तिला कधी उभं केलं की ती पुस्तक धरायची, ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. घरीही तसंच. वडील एकदा ईएसआयचा कागद घेऊन आले तेव्हा ती शेजारी होती. त्यांनी तिच्यापुढं धरला. ती म्हणाली, "बाईंना विचारा." मी तो हिंदीत सांगितला, माझ्या तसल्या हिंदीत. त्यांना सगळं समजलं.

पुन्हा वेळ आली तर

पहिल्या दिवशी, गेटवर. फलक लावतानाच खाली हिंदी ओळी असत्या तर हे प्रकरण लिहायला माझ्याकडे काही उरलंच नसतं. आमच्या वसाहतीत जेवणाच्या डब्यांपासून मोबाइल रिचार्जपर्यंत सगळ्या पाट्या हिंदीत आहेत, माणसांच्या पोटावर येणारा कागद तेवढा मराठीत.

शाळेच्या बाजूनं, पालकांना निरोप पोराच्या तोंडून पाठवणं मी बंद केलं आहे. परप्रांतीय पालकाला बोलवायचं तर मी स्वतः हिंदी बोलते किंवा पानवाल्याला बोलावते. त्याला या कामाचं शाळेकडून काही देता येत नाही, म्हणून मी त्याच्याकडून पान घेते. मी पान खात नाही.

दिवाळीच्या सुट्टीत शाळेचं जेवण बंद असतं हे मला संपाच्या दिवसांत एकदाही आठवलं नाही. गुऱ्हाळावर त्यांना गूळ आणि भाकरी मिळाली म्हणून भागलं. त्याचं श्रेय माझं नाही.

आणि एक निर्णय जो मला अजून बरोबर की चूक ते ठरवता आलेला नाही. संपाच्या दुसऱ्या आठवड्यात मी वर्गात संपाबद्दल 'चर्चा' घेतली होती. दोन्ही बाजूंच्या मुलांनी एकमेकांना समजून घ्यावं वगैरे. नऊ पोरं तावातावानं बोलली, बरंही बोलली, त्यातल्या एकानं घरात दूध बंद झाल्याचं सांगितलं, ते मला आधी माहीत नव्हतं. ते झाल्यावर मी बबुनीकडे वळले. ती आजारी असल्यासारखी पांढरी पडली होती. मी तिला विचारलं नाही, पण वळले होते, आणि अख्खा वर्ग माझ्याबरोबर वळला होता.

पुढच्या वर्षी जूनमध्ये वडिलांना चाकणला काम लागलं. दाखला न्यायला ती आईबरोबर आली. मी दाखला लिहून तिच्या हातात दिला. तिनं तो खिडकीजवळ नेऊन ओळीओळीवर बोट ठेवत वाचला, ओठ न हलवता. एका ठिकाणी बोट थांबलं. जन्मस्थानाच्या रकान्यात मी 'आरा' चं 'आरे' केलं होतं.

"वाच बघू मोठ्यानं," मी म्हटलं.

तिनं मान हलवली आणि कागद माझ्यापुढं ठेवून बोट तिथंच धरून उभी राहिली. मी नवीन दाखला लिहिला. सर शिक्का मारेपर्यंत ती आईला भोजपुरीत काहीतरी सांगत होती. काय, ते मी विचारलं नाही.